पाळण्याचा पांढरा काठ

ऋतुजाच्या लेकीच्या पाळण्यात भंडारा पडतो, ही खबर गावभर व्हायला एक सकाळ पुरली. देवणीच्या आडबाजूचं ते गाव. तिथं कुणाची म्हैस व्याली तरी दुपारच्या आत सगळ्या आळ्यांना ठाऊक होतं. इथं तर साक्षात देव घरी येऊन गेला होता. झालं असं, की सासू साखराबाईनं नातीचं दुपटं झटकायला उचललं, तर त्यावर पिठागत बारीक, पिवळसर पूड. तिनं ती बोटावर टिपली, नाकाशी नेली आणि अशी काही ओरडली, की गोठ्यातल्या गाईनं दाव्याला हिसका दिला.

"आवो, उठा! माळेगावचा खंडोबा येऊन गेला घरात! लेकरावर भंडारा उधळून गेला!"

या ओरडण्यामागंही कारण होतं बरं का. सुनेला दिवस गेले तेव्हा साखराबाईनं खंडोबाला नवस बोलला होता, की बाळबाळंतीण सुखरूप राहिली तर माळेगावला येऊन तळी भरीन. बाळंतपण झालं, नात झाली, नातीचं अंजू असं नावही ठेवून झालं, आणि नवस राहिला तो राहिलाच. यात्रेच्या वेळी लेकरू फार लहान होतं, मग हरभरा काढायचा होता, मग लग्नसराई आली. ते सगळं तिच्या मनाला टोचत होतं. पूड दिसली आणि टोचणी एकदम निघाली. आपण गेलो नाही तर देवच चालत आला! असा समजूतदार देव शोधून सापडायचा नाही.

तिनं ती पूड अंजूच्या कपाळाला लावली, पोटाला लावली, तळपायांना चोळली. आळीतल्या बाया आल्या, पाळण्याच्या पाया पडल्या आणि चिमूट चिमूट पदराच्या टोकाला बांधून घेऊन गेल्या.

"आई, लाकडाचा भुसा हाय तो," ऋतुजा म्हणाली. "पाळणा पोखरून राहिलंय आतून काहीतरी."

"बारावी शिकलीस ना, आता देवाला शिकव," साखराबाई म्हणाली आणि तिनं पाळण्याला हळदकुंकू वाहिलं.

ऋतुजा उगाच म्हणत नव्हती. तिचं माहेर किनवटकडचं, जंगल अगदी शेताच्या बांधाला लागलेलं. सागाचं, सालईचं, धावड्याचं ते जंगल होळीनंतर पानं टाकून उघडं पडतं, आणि पानांचा खच असा होतो की ससा पळाला तरी बैल गेल्यासारखं वाजतं. पावसाळा तोंडावर आला की तिथं ओसरीतल्या दिव्यावर एक तपकिरी भुंगा यायचा. बोटाच्या दोन पेरांएवढा लांब आणि अंगापेक्षा त्याच्या मिशाच मोठ्या, पाठीवरून मागं वळलेल्या. चिमटीत धरला की मान हलवून कुर्र कुर्र करायचा. पोरं त्याला मिशाळ म्हणायची. ऋतुजाचे वडील रामलिंग सांगायचे, हा दिव्यावर दोन दिवसांचा पाहुणा दिसतो. पण त्याआधी वाळक्या लाकडाच्या पोटात अळी होऊन कैक वर्षं कुरतडत बसलेला असतो. वर ऊन असो, पाऊस असो, त्याला काय त्याचं! लाकूड तोडा, गाडीत घालून न्या, त्याची खाट करा. तो आत आपला जेवतोच आहे.

आणि पाळणा त्याच रामलिंगनं केलेला होता. त्याच्या बांधावरचा एक साग वाऱ्यानं आडवा झाला होता, त्याचा ओंडका गोठ्यामागं वर्षानुवर्षं पडून होता. लेकीला दिवस गेल्याचं कळलं, तसा त्यानं तो कापून आणला आणि सुताराच्या मांडीला मांडी लावून बसला. जोडकाम सुताराचं, पण घासणं-पुसणं सगळं रामलिंगचं. वर टांगायचे पोपटही त्यानंच कोरले. त्यातला एक पोपट कोंबड्यासारखा झाला, तर म्हणाला, राहू द्या, लेकराला कुठं कळतंय. उशाकडच्या जाड पट्टीवर सागाचं बाहेरचं कच्चं, पांढरं लाकूड आलं होतं. सुतार म्हणाला, हे काढून टाकू, पांढऱ्यात कीड धरते. रामलिंगनं काढू दिलं नाही. तांबूस लाकडावर तो पांढरा पट्टा त्याला लुगड्याच्या काठासारखा दिसत होता.

"मपल्या लेकीचा पाळणा हाय," तो म्हणाला, "त्याला काठ नको का?"

पाळण्याला शेवटचं तेल लावून झालं आणि दिवाळीच्या आधी छातीत कळ येऊन रामलिंग गेला. नात त्यानं पाहिलीच नाही. बापाच्या हातचं म्हणून ऋतुजाजवळ एवढंच उरलं होतं. अंजूला झोका देताना तिचा हात आपोआप त्या पांढऱ्या काठावर जायचा, आणि काही वेळा तो तिथून निघायचाच नाही.

असो. देव काही दिवस सुखानं नांदला. मग लक्ष्मम्मानं घोळ केला. ही लक्ष्मम्मा तेलंगणातून लग्न होऊन या गावात आलेली. आळीतली तमाम लेकरं तिच्याच पायांवर न्हालेली. तिनं अंजूचं अंगडं काढलं, तर पोटावर, मानेवर, जांघेत लालभडक पुरळ.

"अय्यो, साखराबाई," ती म्हणाली, "लेकराला भंडारा लावताय का पिठात घोळून तळताय? पुसा ते आधी!"

लक्ष्मम्मा एवढं बोलून पाणी ओतायला लागली. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण साखराबाईच्या डोक्यात चक्र फिरलं. देवाचा भंडारा असता तर लेकराला पुरळ उठलं नसतं. म्हणजे हे देवाचं नव्हे. मग कुणाचं? लाकडाचं, हा जबाब समोरच होता, सून घसा कोरडा करून तोच सांगत होती. पण तो मानायचा म्हणजे अख्ख्या गावाला आपण भुशाच्या पाया पडायला लावलं हे मानायचं. ते साखराबाईच्यानं होणार नव्हतं. भुशापेक्षा भानामती बरी, निदान त्यात हसू तरी होत नाही!

त्यातच तो आवाज सुरू झाला. दुपारी जेवणं उरकून घर सामसूम झालं की पाळण्यातून यायचा. कुर्र, कुर्र. थांबायचा. परत कुर्र. आणि नवल असं, की सरजाबाई पाळण्याशी बसलेली असली की तो हमखास यायचा.

सरजाबाई म्हणजे सासरे शेषेरावांची थोरली बहीण. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं तरुणपणीच टाकलेली. तेव्हापासून ती भावाच्या घरी होती. ऋतुजाचा नवरा सुदर्शन तिच्याच अंगाखांद्यावर वाढला. आयुष्यभर तिनं या घरातलं शेण काढलं, पाणी भरलं आणि कधी वर मान करून भाजीत मीठ कमी आहे म्हणाली नाही. अंजू आल्यापासून मात्र तिनं पाळण्याची दोरी जी धरली ती सोडली नव्हती. काम झालं की तिथं. ती बसायचीही अशी की अंगावर माशी बसली तरी हलायची नाही, लेकरू जागं होईल म्हणून.

आता बघा, यातच सगळी ग्यानबाची मेख होती. जमीन हादरली, कुणी दार आपटलं, की लाकडातली अळी गप्प होते. साखराबाई चालली की उतरंडीतली गाडगी वाजायची. शेषेरावांचा खोकला वेशीपर्यंत ऐकू जायचा. सुदर्शनच्या हातातला मोबाइल तर बोंबलतच असायचा. त्यांच्यासमोर आवाज कसा यावा? या घरात दगडासारखं शांत बसणारं एकच माणूस होतं. साखराबाई दारात आली की आवाज बंद. ती माघारी वळली की सुरू. साखराबाईनं हे तीन-चारदा पाहिलं आणि तिचा संशय सरजाबाईवर जाऊन बसला.

"अहो आई, तुम्ही चालत येता म्हणून तो गप होतो," ऋतुजानं कितीदा सांगितलं. "जरा टेका इथं, हलू नका, तुम्हालाबी ऐकू येईल."

"मी कामून बसू त्या पाळण्यापाशी?" साखराबाई म्हणाली आणि अंजूला उचलून पुढच्या खोलीत घेऊन गेली.

तिनं ती पूड कागदात बांधली आणि शेजारगावच्या एका जाणत्याला दाखवून आली. त्यानं पूड तळहातावर चोळली, डोळे मिटले आणि सांगितलं, की हे बाहेरचं नव्हे, घरातलं आहे. पाळण्याला जिचा हात सगळ्यात जास्त लागतो, तिचं आहे. त्यानं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

मग घरात कुणी सरजाबाईला एक शब्द बोललं नाही. हेच तर वाईट होतं. भांडण झालं असतं तर निदान तोंडातोंडी मिटलं असतं. इथं नुसती तिच्या हातातली दोरी काढून घेतली गेली. ती खोलीत आली की अंजूवर पदर ओढला जायचा. ताट वाढायचं ते तिला आधी, एकटीला, चुलीपाशी. शेषेराव बहिणीसमोर बसले तरी नजर उंबऱ्यावर ठेवायचे. थोरल्या बहिणीनं ज्याला कडेवर घेऊन मिरवलं, तो माणूस आता तिला "जेवलीस का" विचारायलाही घाबरत होता. लाज वाटावी अशी गोष्ट होती, आणि ऋतुजाला ती वाटत होती.

सुदर्शन उदगीरच्या मोंढ्यात अडतीवर कामाला. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा तिनं त्याला अंगणातच गाठलं.

"तुम्ही आईला सांगणार हाव का न्हाई?"

"काय सांगू? आत्याला कुणी काही म्हणलंय का?"

"म्हणलं असतं तर बरं झालं असतं!"

"हे बघ, दम धर. पाऊस जवळ आला की तो भुंगा आपोआप बाहेर निघतो, असं तूच सांगतीस ना? निघल तवा दिसलच की सगळ्यांना."

"आणि तवर आत्या राहतील का या घरात?"

सुदर्शन बैलाच्या पाठीवरून हात फिरवायला लागला. मोंढ्यात चार व्यापाऱ्यांना भारी पडणारा हा गडी. पण आईचं नाव निघालं की त्याची जीभ टाळूला चिकटायची. ऋतुजा त्याला काय काय बोलली ते इथं सांगत नाही. बैलानंसुद्धा कान पाडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या खोलीत गेली, तर सरजाबाई पिशवी भरत होती. दोन लुगडी, एक घोंगडी, डब्यात चार भाकरी. एवढ्या वर्षांचं सामान पिशवीच्या तोंडापर्यंतही आलं नव्हतं.

"कुठं निघालात, आत्या?"

"विष्णुपुरीला. भाची हाय तिथं, पोरांच्या मेसमध्ये पोळ्या करती. तिला हाताखाली माणूस पाहिजेच हाय. सकाळच्या मोटारीनं जाते."

"कुणी सांगितलं जायला?"

"कुणी न्हाई गं. मपली मीच चालले."

ऋतुजा तिच्यासमोर फतकल मारून बसली. "आत्या, माझ्याकडं बघा. त्यो किडा हाय. मी लहानपणापासून बघितलाय. लाकडात असतो. त्याचा तुमच्याशी काही संबंध न्हाई."

"तुझं मन चांगलं हाय, म्हणून तू असं म्हणतीस," सरजाबाई लुगड्याची घडी नीट करत म्हणाली. मग तिचे हात थांबले. "पण मपलं मन मला ठाऊक हाय ना. अंजूला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तवाच मनात आलं होतं, हे मपलं असतं तर. एकदा न्हाई गं, रोज येतं. दोरी धरली की येतं. त्या जाणत्यानं काय खोटं सांगितलं? जिचा हात लागतो तिचंच हाय म्हणला. मपलीच नजर लागली लेकराला. अंगावर कसं उठलंय बघ की तिच्या."

इतके दिवस ती सासूशी झुंजत होती, नवऱ्याशी झुंजत होती. त्यांच्याशी झुंजता येतं. त्यांना खोटं पाडता येतं. पण आळ स्वतःच अंगावर घेऊन पिशवी भरणाऱ्या बाईशी कसं भांडायचं? तिला शब्द पुरणार नव्हते. तिच्या हातावर तो किडाच ठेवायला हवा होता. आणि तोही आज, मोटार यायच्या आत. पावसाची वाट बघायला सवड नव्हती.

म्हणजे पाळणा फोडायचा.

हे मनात आलं आणि बापाचा हात आठवला, घासकागदानं पांढरा पडलेला. मग ती उठली. पुढच्या खोलीतून अंजूला उचलून आणलं आणि सरजाबाईसमोर धरलं.

"घ्या हिला."

"मी न्हाई धरत गं बाई. आता न्हाई."

"धरा म्हणते ना!" ऋतुजानं लेकरू तिच्या मांडीवर ठेवलंच. "आणि अंगणात येऊन बसा. मी सांगत न्हाई तवर उठायचं न्हाई."

तिनं तुळईच्या साखळ्यांतून पाळणा सोडवला, फरफटत अंगणात आणला आणि गोठ्यातून कुऱ्हाड घेऊन आली. साखराबाई हातातली राखुंडी टाकून धावली.

"अगं, खूळ लागलं का तुला? बापाचा पाळणा तो!"

"बापाचाच हाय. तुमचा असता तर विचारलं असतं."

पहिला घाव पायथ्याच्या पट्टीवर पडला. लाकूड उभं चिरलं. आत तांबूस, निर्मळ, सागाच्या तेलकट वासाचं लाकूड. किडा नव्हता, पूड नव्हती. दुसरा घाव बाजूच्या दांड्यावर. दांडा तुटून अंगणात उडाला, लाकडी पोपट घरंगळत तुळशीपाशी गेले. तिथंही काही नाही. आवाज ऐकून आळी गोळा झाली. भिंतीवरून डोकी दिसायला लागली. सुदर्शन मोटारसायकलला किक मारायची सोडून तसाच उभा राहिला. शेषेराव खोकायचे विसरले.

"दिसला का तुपला किडा?" साखराबाई म्हणाली. "न्हाई ना? आता काय, घर फोडतीस?"

तिसरी पट्टी फुटली. तीही निर्मळ. ऋतुजाच्या हाताला फोड आला होता. सरजाबाई ओट्यावर अंजूला घट्ट धरून बसली होती आणि प्रत्येक घावाला डोळे मिटत होती. "राहू दे गं," ती म्हणत होती, "राहू दे, मपल्यापायी नको."

खरं सांगायचं तर ऋतुजा चुकवत होती. घाव कुठं घालायचा हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. सुतारानं बापाला सांगितलं होतं, बापानं हसत हसत लेकीला सांगितलं होतं. पण तिथं सोडून ती सगळीकडं कुऱ्हाड चालवत होती, कारण किडा दुसरीकडं सापडला असता तर ती उशाकडची पट्टी तेवढी राहिली असती.

तिनं कुऱ्हाड खाली ठेवली. "जरा गप राहा सगळे," ती म्हणाली. "कुणी हलू नका. आई, तुम्ही तर मुळीच नका."

का कोण जाणे, पण सगळे गप्प राहिले. आळीतली कुत्रीही. ऋतुजा गुडघ्यांवर बसली आणि उशाकडच्या पट्टीला कान लावला. बराच वेळ काही नाही. मग लाकडाच्या आतून, अगदी तिच्या गालाखालून, आलं. कुर्र. कुर्र.

पांढऱ्या काठातच.

"बाबा, तुमची हौस," ती पुटपुटली. त्या काठावर तिनं एकदा हात फिरवला, डोळ्यांतलं पाणी दंडाला पुसलं आणि उभं राहून असा घाव घातला, की पट्टी आरपार उकलली.

पीठ सांडावं तशी पूड भळाभळा सांडली. पिवळसर, बारीक, तीच ती. आळीतल्या बाया पुढं वाकल्या. तांबूस लाकडाला धक्का नव्हता. पांढरं लाकूड तेवढं आतून गल्ल्याबोळांसारखं पोखरलेलं, वरून कागदाएवढी, सुईएवढ्या भोकांची साल राखून. एका बोळात पांढरी, जाड, वळ्यावळ्यांची अळी वळवळत होती. आणि दुसरा तुकडा उकलला, तर टोकाच्या एका खोबणीत, आता निघू का मग निघू करत बसलेला तो. तपकिरी. मिशा पाठीवर घेतलेल्या.

"अय्यो," लक्ष्मम्मा म्हणाली. "हा बघा तुमचा खंडोबा."

ऋतुजानं त्याला दोन बोटांत धरलं आणि ओट्याकडं गेली. सरजाबाईचा एक हात सोडवला, तळवा उघडला आणि त्यावर तो ठेवला. मिशाळनं मान हलवली. कुर्र. सरजाबाई दचकली, पण तिनं हात झटकला नाही.

"हा?" ती म्हणाली. "हाच का गं?"

"हाच. आत्या, नीट ऐका. आमच्या गोठ्यामागं तो ओंडका पडला होता ना, तवापासून हा त्यात जेवून राहिलाय. तवा अंजू नव्हती. मी या घरात आले नव्हते. तुमच्या मनात काही यायच्या कैक वर्षं आधीचा हा हाय. तुमच्या मनातलं याला सांगायला कोण गेलं होतं, सांगा बरं?"

सरजाबाई तळहाताकडं बघत राहिली. भुंगा तिच्या बोटावर चढला, मिशा हवेत फिरवल्या आणि पुन्हा खाली आला.

"आणि मनात आलं तर आलं," ऋतुजा म्हणाली. "मपल्याबी मनात येतं. पहाटे ही रडायला लागली की वाटतं, ही तुमचीच असती तर किती बरं झालं असतं, मी झोपले तरी असते!"

सरजाबाईच्या तोंडून हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. एवढ्या वर्षांत तिला असं मोकळं रडताना त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. अंजू तिच्या पदराचं टोक चोखत होती, तिला कशाचंच काही नव्हतं.

"पाळणा तोडलास गं," सरजाबाई म्हणाली. "तुपल्या बापाचा. मपल्यासाठी."

तेव्हा कुठं ऋतुजानं अंगणाकडं वळून पाहिलं. बापानं घासलेलं, तेल पाजलेलं सगळं ढलप्या होऊन पडलं होतं. ती मटकन ओट्यावर बसली आणि हमसून हमसून रडली. तोडल्याचा पस्तावा नव्हता. परत तोडावा लागला असता तर तिनं परत तोडला असता. पण बाप गेल्यावर लेकराच्या गडबडीत तिला रडायला सवडच झाली नव्हती, ते सगळं आत्ता निघालं. सुदर्शननं तुळशीपाशी पडलेला तो कोंबड्यासारखा पोपट उचलून आणला, शर्टाला पुसला आणि तिच्या ओटीत ठेवला.

साखराबाईला काहीतरी बोलणं भागच होतं. "मग आधीच सांगायचं न्हाई का," ती म्हणाली, "किडा हाय म्हणून!"

भिंतीवरच्या डोक्यांना हसू आवरेना. "मपल्या घरी देवापाशी हाय वो चिमूटभर," लक्ष्मम्मा म्हणाली, "परत आणून देऊ का?" साखराबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. कानशिलं लाल झाली होती, आणि ती काही रागानं नव्हे.

सरजाबाईनं भुंग्याला अंगणातल्या लिंबाच्या खोडावर सोडलं. तो जरा वेळ तिथंच बसला आणि मग वर चढत गेला. वेशीकडून मोटारीचा हॉर्न आला. एकदा, दोनदा. शेषेरावांनी बहिणीकडं पाहिलं, किती दिवसांनी सरळ पाहिलं, आणि उंबऱ्यातली तिची पिशवी उचलली.

"सरजे," ते म्हणाले, "आत ठेवतो ही."

तेवढ्यात अंजूनं भोकाड पसरलं. झोपेची वेळ, आणि पाळणा तर सरपण झालेला. हिला आता घालायचं कुठं, म्हणून सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. सरजाबाई उठली. लेकरू ऋतुजाकडं दिलं, भावाच्या हातातली पिशवी घेतली आणि त्यातलं लुगडं काढलं. विष्णुपुरीला न्यायचं, घडी केलेलं. आत जाऊन तिनं ते तुळईच्या मोकळ्या साखळ्यांतून ओवलं, दोन्ही टोकं जुळवली, गाठ मारली आणि झोळी दोन्ही हातांनी ओढून बघितली.

साखराबाई तिच्या मागोमाग आली होती. दारात घुटमळली. मग पुढं होऊन तिनं गाठ चाचपली.

"अजून एक मारा, वन्सं," ती म्हणाली. "लेक वजनाची हाय."

सरजाबाईनं आणखी एक गाठ मारली.